सासूबाई म्हणतात कमी खा, सिस्टर म्हणतात वजन वाढव

प्रश्न : ताई, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. वय २२, पहिलटकरीण आहे. २४ आठवडे झाले. उंची पाच फूट. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवलं तेव्हा वजन ४२ किलो होतं, आता साडेपंचेचाळीस आहे. गेल्या महिन्यात फक्त अर्धा किलो वाढलं म्हणून सिस्टर रागावल्या. रक्त ९.८ आहे. सोनोग्राफीत बाळ ठीक आहे म्हणाले. सासूबाई म्हणतात, "जास्त खाशीन तं लेकरू मोठं होते, मंग पोट फाडा लागते." माझ्या थोरल्या जाऊबाईंचं दोन वर्षांपूर्वी १८ किलो वजन वाढलं होतं आणि त्यांचं सिझर झालं, तेव्हापासून सासूबाईंनी हे जास्तच मनावर घेतलंय. माझी आई फोनवर सांगते, दोघांचं जेव. मी सध्या कापूस वेचायला जाते. माझं वजन नेमकं किती वाढायला पाहिजे? आणि पपई खाल्ली तर चालते का?

उत्तर :

तू आकडे लिहून पाठवलेस हे फार बरं केलंस. बहुतेक पत्रांत "वजन कमी आहे, काय करू" एवढंच असतं, आणि मग मला अंदाजानं बोलावं लागतं. तुझ्या पत्रात उंची, पहिलं वजन, आजचं वजन आणि आठवडे असं सगळं आहे, त्यामुळे सरळ सांगते. सिस्टरचं बरोबर आहे. तुझं वजन कमी वाढतंय. अजून साधारण सोळा आठवडे हातात आहेत, तेव्हा घाबरू नकोस. पण पुढच्या महिन्यात बघू म्हणून सोडून देण्यासारखंही हे नाही.

"किती किलो" याचं उत्तर प्रत्येकीसाठी वेगळं असतं, आणि तुमच्या घरातला सगळा घोळ इथूनच सुरू झालाय. बाई गरोदर राहिली तेव्हा तिचं वजन उंचीच्या मानानं किती होतं, त्यावर पुढचं ठरतं. वजन किलोत घ्यायचं, त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं, की एक आकडा येतो. त्याला बीएमआय म्हणतात. १८.५ च्या खाली आला तर बाई अंगानं कमी, त्याच्या वर २५ पर्यंत ठीक, त्यापुढे वजन जास्त. (आपल्याकडच्या लोकांसाठी बरेच डॉक्टर २३ लाच सावध होतात.) पाच फूट म्हणजे १.५२ मीटर. तुझा आकडा १८.२ येतो, आणि तोही तिसऱ्या महिन्यातल्या वजनावर. म्हणजे तू सुरुवातच कमी वजनावरून केली आहेस.

आपल्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईंना शिकवलेला हिशेब असा की पूर्ण गरोदरपणात ९ ते ११ किलो वाढावेत, आणि पहिले तीन महिने सोडले तर महिन्याला साधारण दोन किलो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ मध्ये जे ठरवलं, ते सुरुवातीच्या वजनाप्रमाणे वेगवेगळं आहे. कमी वजनाच्या बाईनं साडेबारा ते १८ किलो, बेताच्या वजनाच्या बाईनं साडेअकरा ते १६, जास्त वजनाच्या बाईनं सात ते साडेअकरा, आणि बीएमआय ३० च्या पुढे असलेल्या बाईनं पाच ते नऊ. हे आकडे त्यांच्याकडच्या धिप्पाड बायका डोळ्यांपुढे ठेवून काढलेले आहेत, आपल्या पाच फुटी पोरींना ते जसेच्या तसे लावावेत असं मला वाटत नाही. पण त्यातला विचार सोळा आणे खरा आहे : जी बारीक आहे तिनं जास्त वाढवायचं, जी जाड आहे तिनं बेतानं.

तुझ्यापुरतं बोलायचं तर ११-१२ किलो हे ध्यानात ठेव. आत्तापर्यंत साडेतीन झाले. इथून पुढे आठवड्याला अर्धा किलो वाढला तर बाळंतपणापर्यंत आणखी आठ होतील आणि काटा ५३-५४ च्या आसपास जाईल. मागे राहिलेलं सगळं या एकाच महिन्यात भरून काढायच्या भानगडीत पडू नकोस, ते होतही नाही.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं चूक आहे, पण ते वेडेपणातून आलेलं नाही. त्यांची बाळंतपणं झाली तेव्हा बाई अडली तर बैलगाडी जुंपायची आणि तालुक्याच्या गावापर्यंत देवाचं नाव घेत जायचं, अशी गत होती. अडलेली बाई म्हणजे गेलेली बाई, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. लेकरू लहान असेल तर सुटका लवकर, म्हणून शेवटच्या महिन्यांत पोटभर जेवायचं नाही, ही रीत त्या भीतीतून आली. विदर्भातच कशाला, देशात ठिकठिकाणी ती सापडते. त्यात थोरल्या सुनेचं सिझर झालं, मग त्यांची खात्रीच पटली.

पण जाऊबाईंचा हिशेब तुला लागू पडत नाही. त्यांचं सुरुवातीचं वजन तू लिहिलेलं नाहीस. ते ६० च्या पुढे असेल तर १८ किलो खरंच जास्त होतात. अंगानं आधीच भरलेल्या बाईचं वजन असं वाढलं तर साखर, बीपी, मोठं बाळ आणि सिझर, सगळ्यांची शक्यता वाढते. तरीही त्यांचं सिझर त्याच कारणानं झालं असं इथून सांगता येणार नाही. बाळ आडवं असतं, ठोके कमी होतात, कळा थांबतात, वार खाली असते, कारणं पुष्कळ आहेत. बाई अडते ती कमरेच्या हाडाची जागा, बाळाच्या डोक्याची ठेवण आणि कळांचा जोर यांवरून. भाकर कमी खाल्ल्यानं कमरेचं हाड रुंद होत नाही. होतं काय, तर लेकरू अडीच किलोच्या आत जन्मतं, त्याच्या अंगात ऊब टिकत नाही, छातीला नीट लागत नाही, आणि वेळेआधीच कळा सुरू व्हायची भीतीही राहते. आईचं म्हणशील तर अंगात रक्त नसेल तेव्हा बाळंतपणात जाणारं रक्तही सोसवत नाही. ९.८ वर तू त्याच काठावर उभी आहेस.

सासूबाईंना एक हिशेब सांगून बघ. बारा किलो वाढले म्हणजे लेकरू बारा किलोचं होत नाही. बाळाच्या वाट्याला तीनच किलो येतात. वार अर्धा-पाऊण किलो, भोवतालचं पाणी पाऊण ते एक, पिशवी स्वतः वाढून एक किलोची होते, छाती अर्धा किलो. आईचं रक्त वाढतं ते सव्वा ते दीड किलो, अंगात साठणारं पाणीही जवळपास तेवढंच. उरलेले दोन-तीन किलो चरबी असते आणि ती पुढे अंगावर दूध पाजायला कामी येते. म्हणजे तू खाल्लेल्यातलं बरंचसं तुझ्याच अंगाच्या तयारीला लागतं. हे माझ्या तोंडून पटलं नाही तर महिन्याच्या ९ तारखेला त्यांना सोबत घेऊन जा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे, त्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरनं सांगितलेलं यात आपल्या घरांत किती फरक असतो, ते तुला मी सांगायला नको.

तुझ्या आईचं "दोघांचं जेव" हेही अर्धंच खरं. दुप्पट जेवायची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे रोजच्या जेवणावर ज्वारीची एक भाकर आणि वाटीभर घट्ट वरण. बस, एवढंच. तू मुळात कमी वजनाची आहेस म्हणून त्यावर मूठभर शेंगदाणे आणि गूळ धर. वरण मात्र घट्टच पाहिजे. डाळ तळाशी आणि वर पिवळं पाणी, असं सगळ्यांचं जेवण झाल्यावर सुनेच्या ताटात पडणारं वरण मी धरत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं. तुझं वजन अडलं ते याच महिन्यात, आणि हाच वेचणीचा महिना. सकाळी कोरा चहा पिऊन घर सोडायचं, दुपारी धुऱ्यावर एक भाकर आणि चटणी, संध्याकाळी घरी येऊन चूल, आणि सगळ्यांचं झालं की थकलेल्या जिवानं दोन घास. असंच चाललंय ना? रोज किती किलो कापूस वेचला ते संध्याकाळी काट्यावर चढवून पावशेरापर्यंत मोजलं जातं, कारण त्यावर मजुरी आहे. वेचणाऱ्या बाईचं वजन महिन्यात अर्धाच किलो वाढलं, हे सिस्टरनं कार्ड उघडेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून खाणं वाढवायचं ते वेळा वाढवून. या दिवसांत पोट वर दाबतं, एका बैठकीत फार जातही नाही. घर सोडण्याआधी रात्रीची भाकर दुधात कुस्करून, नाहीतर चून-भाकर, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. शिदोरीत दोन भाकरी, चटणी जवसाची किंवा शेंगदाण्याची, आणि सोबत उसळ किंवा उकडलेलं अंडं. दहा-अकरा वाजता शेंगदाणे-गूळ, चार वाजता पुन्हा काहीतरी. तुरीच्या शेंगा भरल्या की सोल्यांची भाजी आणि उकडलेल्या शेंगा भरपूर खा. हिवाळ्यात तुमच्या भागात याच्याइतकं स्वस्त आणि कसदार दुसरं काही नाही. चण्याची भाजी, मेथी, अंबाडी जे निघेल ते. बाजारातल्या महागड्या डब्यातल्या पावडरीवर पैसे घालवू नकोस. तेवढ्या पैशात महिनाभराची अंडी येतात. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, त्याचा अर्ज भरला नसेल तर आशाताईंना गाठ.

अंगणवाडीतून मिळणारं पाकीट कुठं जातं, हेही बघ. पुष्कळ घरांत ते शिजवून सगळ्या लेकरांना वाटलं जातं, आणि जिच्या नावावर आलं तिच्या वाट्याला चमचाभर येतं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं. तुमच्या तालुक्यातली काही गावं त्यात आहेत. तुझं असेल तर ते जेवण तिथंच बसून जेवायचं, डब्यात भरून घरी आणायचं नाही. डबा घरी आला की त्याचे वाटेकरी होतात.

रक्ताच्या गोळीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, त्यावरून मी समजायचं ते समजले. मळमळते, शौचाला काळी होते, म्हणून बायका ती डब्यात साठवून ठेवतात. काळी होणं काळजीचं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घे. चहा गोळीच्या तासभर आधी नाही, तासभर नंतरही नाही. लिंबू, आवळा, संत्र, पेरू यांच्यासोबत घेतली तर अंगाला चांगली लागते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नकोस, ती सकाळ-दुपारच्या जेवणानंतर. गरोदरपणात रक्त ११ च्या वर हवं. तुझं ९.८ आहे म्हणजे दिवसाला एक नाही, दोन गोळ्या लागतील. सिस्टरला विचारून घे. जंताची गोळी मिळाली का तेही विचार. विदर्भात सिकलसेल हा आईबापांकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे, म्हणून ती तपासणी झाली नसेल तर करून घे. ती निघाली तर नवऱ्याचीही करावी लागते आणि गोळ्यांचा हिशेब डॉक्टर ठरवतात. साखरेची तपासणीही आताच, २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याच्या वर आली तर पुढचे उपचार. बारीक बायकांनाही साखर निघते, तेव्हा मला कशाला म्हणू नकोस.

वेचणी बंद कर असं मी म्हटलं तरी तू करशील की नाही, मला माहीत नाही. घरची परिस्थिती तुला ठाऊक. जायचंच असेल तर दिवस अर्धा कर. दुपारी दोन तास आडवं होता आलं पाहिजे. रात्रीची आठ तास झोप पाहिजे. कमरेची झोळी भरेपर्यंत ओढत नेऊ नकोस, थोडा कापूस झाला की रिकामी कर. गाठोडं डोक्यावर उचलायचं नाही, ते नवऱ्याचं काम. आणि फवारणी झालेल्या वावरात पाय टाकू नकोस. २०१७ मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते तुमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. फवारणीचे कपडे धुणं हेही सध्या तुझ्याकडे नको. धुऱ्यावर जेवण्याआधी हात साबणानं धुवायचे.

वजन करतानाची एक गोष्ट. दर वेळी त्याच काट्यावर, चपला काढून उभी राहा, आणि चढण्याआधी काटा शून्यावर आहे का ते वाकून बघ. अंगणवाडीचा काटा आणि दवाखान्याचा काटा यांत किलोभराचा फरक सहज निघतो, आणि मग वाढलं म्हणून आनंद किंवा घटलं म्हणून रडारड, दोन्ही फुकट. भिंतीला किंवा टेबलाला हात लावायचा नाही. आकडा कार्डावर तुझ्यासमोर लिहून घे. मागचा आकडा बघून दोन किलो मिळवून लिहिलेली कार्डंही मी पाहिली आहेत. सिस्टरला टेपनं पोटाची उंचीही मोजायला सांग. २४ आठवड्यांनंतर ती सेंटीमीटरमध्ये जवळपास आठवड्यांइतकीच भरते, दोन इकडे-तिकडे. सोनोग्राफीत बाळ ठीक आहे ही चांगली गोष्ट, पण ती त्या दिवसापुरती. बाळाची खरी भर पडते ती पुढच्या तीन महिन्यांत. आणि खाणं वाढवूनही दोन-तीन आठवड्यांत काटा हलला नाही, किंवा खोकला, ताप, उलट्या असं काही असेल, तर ९ तारखेची वाट बघू नकोस.

उलट बाजूही ध्यानात ठेव. एका महिन्यात तीन किलोच्या वर, किंवा आठवड्यातच किलो-दीड किलो वाढलं तर "चला, भरून निघालं" म्हणून खूश व्हायचं नाही. ते खाल्लेलं नसतं, अंगात साठलेलं पाणी असतं, आणि त्यामागे बीपी असू शकतं. संध्याकाळी पायावर थोडी सूज येणं चालतं. सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं, बांगड्या रुतायला लागलेल्या, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखतंय, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. बीपी १४०/९० किंवा वर असेल तर ते लोक तुला घरी सोडणार नाहीत, तूही हट्ट करू नकोस. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तरी तेच. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावायचा, हे नवऱ्याच्या फोनमध्ये आजच घालून ठेव.

पपईचं राहिलंच. पिकलेली पपई दोन-चार फोडी खाल्ल्यानं काही होत नाही. कच्ची आणि अर्धवट पिकलेली, जिच्यातून पांढरा चीक निघतो, ती गरोदरपणात नको. पिकलेली खाऊनही घरात वाद होणार असेल तर सोडून दे, तिच्याऐवजी संत्र खा. पण पपई सोडलीस म्हणून त्याच यादीत केळी, तीळ, अंडी घालू देऊ नकोस.